पेटी आणि पडदा यांचा करार

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर चित्र उमटते ते केवळ विजेच्या आणि काचेच्या बळावर नव्हे. चित्र पाठवणारे यंत्र आणि ते ग्रहण करणारे यंत्र यांच्यामध्ये आधी एक करार झालेला असावा लागतो. चित्र किती रेषांचे असावे, एका सेकंदात किती चित्रे यावीत, काळा रंग कोणत्या अंकाने दर्शवावा आणि पांढरा कोणत्या, या बाबींवर दोघांचे एकमत असेल तरच पाठवलेले चित्र जसेच्या तसे दिसते. एखाद्या बाबतीत मतभेद झाला की दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही पडदा काळा राहतो, किंवा त्यावर काहीतरी विपरीत दिसू लागते.

इंटरनेटवरून येणारे चित्रपट, मालिका आणि क्रीडासामने संचावर दाखवणारी एक लहानशी पेटी आता आपल्या देशातील असंख्य घरांत पोहोचली आहे. बाजारात तिला ‘स्ट्रीमिंग बॉक्स’ म्हणतात. काडीसारखी लांबट असली तर ‘स्टिक’. ती संचाला जोडल्यावर अनेकांना चमत्कारिक अनुभव येतात. कोठे ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे दिसतात, कोठे चित्राच्या कडा कापल्या जातात, कोठे रंग धुतल्यासारखे फिके पडतात, तर कोठे चेंडू सरळ न जाता ठेचकाळत गेल्यासारखा वाटतो. ग्राहक पेटीला दोष देतो, दुकानदार संचाला. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष कोणा एकाचा नसतो. त्या दोघांमधील करारच नीट झालेला नसतो. हा करार कसा होतो आणि कोठे फिसकटतो, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

सर्वांसाठी एकच करार

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. आपल्याकडे स्वीकारल्या गेलेल्या पद्धतीत प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे असे आणि दर सेकंदाला २५ चित्रे पाठवली जात. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई. आधी एकाआड एक रेषा आणि मग मधल्या उरलेल्या रेषा. त्यामुळे सेकंदाला ५० अर्धचित्रे होत. हा ५० चा आकडा सहजगत्या आलेला नाही. भारतात आणि युरोपात घरगुती विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन करतो, तर अमेरिकेत ६० वेळा. सुरुवातीच्या संचांत या प्रवाहाचा थोडाफार उपद्रव चित्रात मिसळत असे. चित्राची आणि विजेची वारंवारता सारखी ठेवली, तर त्या उपद्रवाचे पट्टे पडद्यावरून सरकत न राहता स्थिर राहतात आणि डोळ्यांना कमी खुपतात. म्हणून अमेरिकेत ५२५ रेषा आणि ६० अर्धचित्रे रूढ झाली, आपल्याकडे ६२५ आणि ५०. विजेच्या तारांतून आलेला हा भेद आजही आपल्या पडद्यांवर कसा डोकावतो, ते पुढे दिसेल.

हा करार संपूर्ण देशासाठी एकदाच झाला होता. प्रक्षेपण करणारी संस्था एक आणि तिने पाळलेले मानकही एकच. संच कोणत्याही कारखान्यात तयार झालेला असो, त्याला ते मानक पाळावेच लागे. प्रेक्षकाला करावे लागे ते इतकेच, की छतावर चढून अँटेना योग्य दिशेला वळवावी.

१९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी घरोघरीचे कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत. आपण स्वीकारलेल्या ‘पाल’ या रंगपद्धतीत प्रकाशाच्या कमीअधिकपणाची माहिती पूर्वीप्रमाणेच मुख्य संदेशात ठेवलेली होती, आणि रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर बसवून त्याच संदेशात गुंफलेली होती. नवा संच दोन्ही वाचत असे; जुना संच रंगाचा भाग सोडून देऊन आपले कृष्णधवल चित्र दाखवीत असे. जुन्या संचाचा विचार नव्या पद्धतीच्या आराखड्यातच केलेला होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

दर वेळी नवा करार

अंकीय तंत्रज्ञान आल्यावर परिस्थिती पालटली. २०१२ पासून महानगरांत आणि पुढे टप्प्याटप्प्याने सर्वत्र केबलचे प्रक्षेपण अंकीय झाले आणि संचाशेजारी पेटी आली. त्यामागोमाग इंटरनेटवरील पेट्या आल्या. आता चित्र ६२५ रेषांचेच असेल असा नियम उरला नाही. ते १२८० गुणिले ७२० चित्रबिंदूंचे असू शकते, १९२० गुणिले १०८० चे किंवा ‘फोर-के’ म्हणून ओळखले जाणारे ३८४० गुणिले २१६० चे. दर सेकंदाला २४, २५, ३०, ५० किंवा ६० चित्रे येऊ शकतात. यांपैकी कोणता प्रकार वापरावयाचा, हे पेटी आणि संच प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, आपापसांत ठरवतात.

ही वाटाघाट एचडीएमआय नावाच्या केबलमधून चालते. या जोडणीचे पहिले मानक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांपैकी एका पिनेवरून पेटी संचाकडे पाच व्होल्टचा लहानसा दाब पाठवते. संच दुसऱ्या पिनेवरून ‘मी हजर आहे’ अशी खूण करतो. मग पेटी संचाच्या स्मृतीत साठवलेली एक यादी वाचते. तिला ईडीआयडी म्हणतात. हा यादीचा प्रकार मुळात संगणकाच्या पडद्यांसाठी १९९४ मध्ये तयार झाला आणि त्याचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा आहे. संचाचा निर्माता, पडद्याचा आकार, चालणारे चित्रप्रकार आणि त्यांतील पसंतीचा प्रकार, हे सर्व तेथे नोंदलेले असते. पेटी ही यादी वाचते, स्वतःला काय जमते ते पाहते आणि दोघांना चालेल असा, बहुधा सर्वांत वरचा, प्रकार निवडते.

ही व्यवस्था सोयीची आहे खरी; परंतु ती यादीच्या अचूकपणावर विसंबून आहे. यादी चुकीची किंवा अपुरी असली तर निवडही चुकते. एका साध्या उदाहरणावरून हे कळेल. बत्तीस इंची स्वस्त संचांपैकी पुष्कळांच्या पडद्यावर आडव्या ओळीत १३६६ चित्रबिंदू असतात. यादीतील चित्रप्रकार लिहिण्याच्या एका संक्षिप्त रीतीत मात्र आडव्या बिंदूंची संख्या आठाच्या पटीतच लिहिता येते. १३६६ ला आठाने भाग जात नाही. म्हणून त्या रीतीने १३६० किंवा १३६८ लिहावे लागते. शिवाय असे संच पेटीला १९२० गुणिले १०८० चे चित्रही चालेल असे सांगतात आणि ते आल्यावर आपल्या कमी बिंदूंत दाटीवाटीने बसवतात. चित्र दिसते, पण बारीक अक्षरे पुसट होतात. पडद्यात बिघाड काहीच नसतो.

वेळेचाही प्रश्न असतो. पेटी आधी जागी झाली आणि संच मागाहून, तर काही जोड्यांमध्ये यादी वाचलीच जात नाही. मग पेटी निकृष्ट पण सुरक्षित प्रकारावर उतरते, किंवा मागच्या खेपेचा प्रकार तसाच चालू ठेवते. मधे एखादा ध्वनिवर्धक किंवा जोडणीचा फाटा असला, तर तो कधी संचाची यादी न देता स्वतःचीच पुढे करतो.

कापलेल्या कडा आणि हरवलेला काळोख

काही तक्रारींचे मूळ थेट जुन्या काचेच्या नळीत सापडते. त्या नळीच्या संचांत चित्राची कड कधीच नेमकी स्थिर नसे. विजेचा दाब बदलला की चित्र थोडे आखडे किंवा पसरे. काळी कड दिसू नये म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडे मोठे पाडण्याची प्रथा होती. आजच्या सपाट पडद्याला याची मुळीच गरज नाही; तरीही अनेक संच ती जुनी सवय पाळतात आणि आलेले चित्र काहीसे फुगवून दाखवतात. त्यामुळे पेटीच्या सूचीतील कडेची अक्षरे कापली जातात आणि फुगवल्यामुळे सगळेच चित्र किंचित मऊ होते. संचाच्या चित्रविषयक सूचीत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडला की दोष नाहीसा होतो.

काळ्या-पांढऱ्याचा घोटाळा याहून फसवा आहे. आठ बिटांच्या पद्धतीत प्रकाशाच्या ० पासून २५५ पर्यंत पायऱ्या असतात. संगणकाच्या जगात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. दूरचित्रवाणीच्या जगात मात्र दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा राखून १६ ला काळा आणि २३५ ला पांढरा मानतात. पेटीने पहिल्या रीतीने चित्र पाठवले आणि संचाने ते दुसऱ्या रीतीने वाचले, तर १६ च्या खालचे सारे काळेच समजले जाते. रात्रीच्या प्रसंगात माणसांचे केस आणि मागची भिंत एक होऊन जातात. उलट घडले तर काळ्याच्या जागी राख पसरल्यासारखी दिसते. अशा वेळी पडद्याचा प्रकाश कमीजास्त करून उपयोग होत नाही. पेटी आणि संच या दोघांनाही एकच मोजपट्टी लावून द्यावी लागते.

ठेचकाळणारा चेंडू

विजेच्या ५० आणि ६० आवर्तनांचा भेद येथे पुन्हा भेटतो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतला जातो. भारतीय दूरचित्रवाणीचे कार्यक्रम २५ किंवा ५० च्या हिशेबाने होतात, तर अमेरिकेतून आलेली पुष्कळशी सामग्री ३० किंवा ६० च्या. अनेक पेट्या आपणहून ६० चा प्रकार निवडून बसतात आणि जे येईल ते त्यात कोंबतात.

याचे गणित सोपे आहे. २४ चित्रे ६० जागांत भरायची तर एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा, असे आळीपाळीने दाखवावे लागते. ५० चित्रे ६० जागांत भरायची तर प्रत्येक पाच चित्रांमागे एकाची पुनरावृत्ती होते, म्हणजे सेकंदाला दहा वेळा. पडद्यावर माणूस बसून बोलत असेल तर हे जाणवतही नाही. परंतु कॅमेरा मैदानावरून संथपणे फिरू लागला किंवा चेंडू सीमारेषेकडे धावू लागला, की डोळ्याला तो सूक्ष्म हिसका जाणवतो. इंटरनेटच्या वेगाला दोष देऊन येथे काही साधत नाही. पेटीत ५० चा प्रकार निवडावा, किंवा येणाऱ्या सामग्रीप्रमाणे आपला वेग बदलण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

रुंद रस्ता, अरुंद पूल

फोर-के चित्रात ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात. १९२० गुणिले १०८० च्या चित्राच्या बरोबर चौपट. प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर केवळ दिसणाऱ्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट लागतात. २००९ च्या १.४ या एचडीएमआय मानकाची एकूण क्षमता सेकंदाला १०.२ अब्ज बिटांची होती, २०१३ च्या २.० ची १८ अब्जांची आणि २०१७ च्या २.१ ची ४८ अब्जांची. साहजिकच १.४ च्या जोडणीतून पूर्ण रंगांचे फोर-के चित्र सेकंदाला ३० पर्यंतच नेता येते. २.० मधूनही प्रत्येक रंगाला दहा बिट द्यायचे झाले तर रंगाचा तपशील कमी करावा लागतो. डोळा प्रकाशातील भेद जितका बारकाईने टिपतो तितका रंगातील टिपत नाही. ‘पाल’ पद्धतीत घेतलेला हा फायदा येथेही घेतला जातो.

पुष्कळ संचांत फक्त एखाददुसरी जोडणीच पूर्ण क्षमतेची असते, आणि तीसुद्धा ‘डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ अशा नावाचा पर्याय निवडेपर्यंत जुन्या रीतीने काम करते. केबल जुनी किंवा फार लांब असली तर चित्रावर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो.

यात भर पडली ती ‘एचडीआर’ या अधिक प्रकाशविस्ताराच्या पद्धतीची. जुन्या मानकात सर्वांत उजळ पांढरा दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला एवढा धरला होता. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एका नव्या मोजपट्टीत १०,००० पर्यंतची जागा आहे. नव्या पट्टीने मोजलेले अंक जुन्या पट्टीने वाचले की चित्र फिके आणि धूसर दिसते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ॲपल कंपनीने फोर-के चित्र दाखवणारी आपली पेटी बाजारात आणली. संच नव्या पद्धतीचा असल्यास ही पेटी जुन्या पद्धतीचे कार्यक्रमसुद्धा त्या नव्या साच्यात घालून पाठवीत असे, आणि ते विचित्र दिसत. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने सामग्रीप्रमाणे प्रकाशविस्तार आणि चित्रवेग जुळवून घेण्याची सोय दिली. यंत्रांत काहीही न बदलता, केवळ आज्ञावली बदलून, दोष निघाला. जुळवणी ही पुष्कळदा निर्मात्याच्या निर्णयाची बाब असते, हे यावरून दिसते.

कुलूप आणि किल्ली

आतापर्यंतचे मतभेद तांत्रिक होते. एक मतभेद मात्र हेतुपुरस्सर घडवलेला आहे. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून पेटी चित्र कूटबद्ध करून पाठवते आणि संचाकडे योग्य किल्ली असेल तरच ते उलगडते. इंटेल कंपनीने विकसित केलेल्या या व्यवस्थेला एचडीसीपी म्हणतात. तिच्या मूळ आवृत्तीत पेटी साधारणपणे दर दोन सेकंदांनी संचाची किल्ली तपासते. तपासणी चुकली की चित्र थांबते. या मूळ आवृत्तीची मुख्य किल्ली २०१० च्या सप्टेंबरमध्ये इंटरनेटवर उघड झाली आणि ती खरी असल्याचे कंपनीनेही मान्य केले. एचडीएमआयसाठी २.२ ही अधिक कडक आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि फोर-के चित्रासाठी बहुतेक सेवांनी तीच बंधनकारक केली.

याचा फटका कोणाला बसला? २०१२ आणि २०१३ मध्ये मोठी किंमत मोजून ज्यांनी पहिले फोर-के संच घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या संचात ही नवी किल्ली नव्हती. पडद्यावर सारे चित्रबिंदू हजर होते, तरीही पेटी त्यांना कमी दर्जाचेच चित्र देई. संच आणि पेटी यांच्यामधील ध्वनिवर्धक जुना असला तरी हेच घडते. नक्कल करणाऱ्याला अडवण्यासाठी लावलेले कुलूप अशा रीतीने प्रामाणिक ग्राहकाच्याच दारावर बसले.

वाचकाने काय करावे

चित्र जुळत नसेल तर घाईने नवा संच किंवा नवी पेटी घेऊ नये. प्रथम दोन्ही यंत्रांची वीज बंद करावी. आधी संच सुरू करावा आणि मग पेटी. मधली सर्व उपकरणे काढून पेटी सरळ संचाला जोडावी, संचावरील दुसरी जोडणी आणि दुसरी केबल वापरून पाहावी. काडीसारख्या पेटीला संचाच्या यूएसबी जोडणीवरून वीज दिली असेल तर तसे न करता तिच्या स्वतःच्या चार्जरवरून द्यावी. साध्या यूएसबी जोडणीचा प्रवाह निम्म्या अँपियरचाच असतो आणि तो पुष्कळदा अपुरा पडतो. त्यानंतर पेटीत १०८० चा साधा प्रकार निवडून चित्र येते का ते पाहावे, आणि मग एकेक पायरी वर चढावे. पडदा पूर्ण काळा असेल तर पेटी शेजारच्या घरातील संचाला जोडून हा बदल करता येतो. काही पेट्यांच्या रिमोटवरील दोन ठरावीक कळा एकत्र दाबून धरल्यास पेटी स्वतःच एकेक प्रकार लावून पाहते.

पिवळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या जोडण्यांचा जुना संच असेल तर केवळ दोन प्रकारची टोके असलेली केबल उपयोगी पडत नाही. अंकीय संदेशाचे जुन्या पद्धतीच्या संदेशात रूपांतर करणारे, स्वतंत्र वीज लागणारे उपकरण घ्यावे लागते. त्यातून येणारे चित्र जुन्या दर्जाचे असते. तथापि बातम्या, गाणी आणि मुलांचे पाठ पाहण्यास ते पुरेसे होते.

हे सर्व उपाय सांगताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९८२ मध्ये जुळवणीचा भार पद्धत ठरवणाऱ्यांनी उचलला होता. आज तो घरातील माणसावर पडला आहे. ज्याला इंग्रजी सूचीतील शब्द कळत नाहीत, किंवा ज्याच्या घरी हे सांगणारे कोणी तरुण नाही, तो चालू संच टाकून देतो. असा संच शेवटी कचऱ्यात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दूरचित्रवाणी संचांचा समावेश आहे. पण जो संच टाकण्याची गरजच नव्हती, त्याची विल्हेवाट कितीही चांगली लावली तरी नुकसान व्हायचे ते होतेच.

सार्वजनिक मानकांचा मार्ग बंद झालेला नाही. उपग्रहावरून येणारे निःशुल्क कार्यक्रम वेगळ्या पेटीशिवाय घेता यावेत, अशा संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने तयार केलेले मानक २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले. पेटी आणि संच यांच्या बाबतीत ग्राहकाला यापेक्षाही थोडक्यात भागण्यासारखे आहे. संचाची कोणती जोडणी कोणत्या चित्रप्रकारापर्यंत चालते, ५० आणि ६० हे दोन्ही वेग त्याला येतात का, आणि त्याच्याकडे कुलपाची कोणती आवृत्ती आहे, या तीन गोष्टी खोक्यावर ठळकपणे, प्रादेशिक भाषेत छापल्या तर अर्धीअधिक निराशा दुकानातच टळेल. तोपर्यंत हे तीन प्रश्न खरेदीपूर्वी ग्राहकाने स्वतः विचारावेत आणि त्यांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत.